शास्त्रोक्त भाऊ

कर्जतहून खोपोलीला जाणाऱ्या लोकलला मधे पळसधरी, केळवली, डोलवली आणि लौजी अशी चार स्टेशनं लागतात. यातल्या कुठल्याही स्टेशनावर उतरा, अंगणात पर्जन्यमापक बसवलेला एक तरी माणूस गावात भेटतोच. आपण सहज म्हणावं, "काय पाऊस झाला हो काल!" आणि त्याने चष्म्यावरून बघत विचारावं, "किती?"

आमच्याकडे हा माणूस म्हणजे भाऊ. खोपोलीच्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीत जन्म गेला. पुढे ते कारखान्यातून निवृत्त झाले, तपासणीतून नाही. कर्जतच्या भात संशोधन केंद्राचं 'कर्जत ३' लावलं होतं की 'कर्जत ७', हे शेतकरी एखादे वेळी विसरेल, पण भाऊंना शेजाऱ्याच्या खाचरातलंही आठवतं. कर्जत स्टेशनावर गाडी थांबली की सगळे वडापावकडे धावतात. भाऊही धावतात, पण तिथे पोचून तेल किती तापलंय ते विचारतात, आणि उत्तर येईपर्यंत गाडी सुटते. त्यांचा आवडता शब्द 'शास्त्रोक्त'. आंघोळ शास्त्रोक्त, ताक शास्त्रोक्त, भांडणसुद्धा शास्त्रोक्त, म्हणजे तारीख घालून. वहिनींचं माहेर पेणचं. चाळीसेक वर्षांच्या संसारात त्यांनी या शब्दावर एकच उतारा शोधलाय. भाऊंचं व्याख्यान संपलं की त्या म्हणतात, "बरं," आणि आपल्याला हवं तसं करतात.

या घरात साप आला तो मुलामुळे. मुलगा बंगळुरात नोकरीला होता आणि तिथे त्याने बॉल पायथन पाळला होता. पश्चिम आफ्रिकेतला हा छोटा अजगर बिनविषारी, स्वभावाने भित्रा, घाबरला की स्वतःचं डोकं मधे घेऊन चेंडूसारखा गोळा होणारा. मग कंपनीने मुलाला जर्मनीला पाठवलं. जर्मनीला कुकर नेता येतो, लोणचं नेता येतं, साप न्यायला मात्र दोन देशांचे कागद लागतात. "दोनच महिने," असं सांगून मुलाने पेटी, हीटर आणि साप आईवडिलांकडे ठेवला. वहिनींनी पहिल्या दिवशी दारातूनच बघितलं, दुसऱ्या दिवशी त्याला बाळू म्हणायला लागल्या.

भाऊंनी आधी कायदा पाहिला. २०२२ साली वन्यजीव संरक्षण कायद्यात दुरुस्ती झाली, २०२४ च्या फेब्रुवारीत नियम निघाले, आणि आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतले परदेशी प्राणी बाळगणाऱ्यांनी 'परिवेश' पोर्टलवर नोंद करायची असं ठरलं. मुलाने नोंद केलेली होतीच. भाऊंनी तिचा कागद लॅमिनेट करून देवघराशेजारी लावला. गावकऱ्यांना हे काही केल्या पटेना. कोंबड्यांच्या खुराड्यात शिरलेला आपला देशी अजगर घरात ठेवला तर गुन्हा, वनखात्याला कळवायचं, जंगलात सोडायचं, आणि आफ्रिकेतल्याला मात्र सरकारी कागद! आमच्याकडचे सर्पमित्र पोरगे यावर हसायचे आणि मग हमखास नीलिमकुमार खैऱ्यांचा विषय काढायचे. खैरे या विषयाकडे वळले ते इथल्याच माथेरानात नोकरी करताना. पुढे १९८० साली पुण्यात ७२ विषारी सापांबरोबर काचेच्या खोलीत ७२ तास बसले. भाऊ हे ऐकताना कंबर सरळ करायचे, जणू आपणही त्याच रांगेत.

"त्यांना त्या सापांना जेवायला घालायचं नव्हतं," वहिनी एकदा म्हणाल्या.

जेवण हाच खरा घोळ होता. बंगळुरात मुलगा जिवंत उंदीर घालायचा. इथे भाऊ क्रॉफर्ड मार्केटातून पांढरे उंदीर आणू लागले. श्रीखंडाच्या डब्याला शास्त्रोक्त, म्हणजे मोजून, भोकं पाडायची आणि डबा मांडीवर घेऊन कर्जत लोकलमध्ये बसायचं. बदलापूरला गर्दी ओसरली की कोणीतरी विचारायचं.

"काका, डब्यात काय?"

"जेवण."

"हलतंय."

"आमचं नाही."

यानंतर भाऊंना कर्जतपर्यंत ऐसपैस जागा मिळायची.

उंदीर पेटीत सोडताना मात्र भाऊ तोंड फिरवायचे. कागदावर त्यांना काहीही चालतं, पण जिवंत प्राणी आपल्याकडे बघत असला की त्यांचा धीर सुटतो. त्यात ज्येष्ठात बाळूची कात आली. कात टाकायच्या आधी सापाचे डोळे दुधी होतात, नीट दिसत नाही, आणि तो सहसा खात नाही. भाऊंना हे माहीत होतं, पण वहीत जेवणाची तारीख लिहिलेली होती आणि वहीतली तारीख पुढे ढकलणं त्यांच्या स्वभावात नाही. रात्री उंदीर आत सोडला. सकाळी बघतात तर बाळू कोपऱ्यात गोळा होऊन बसलेला, आणि भुकेलेला उंदीर त्याच्या पाठीवर बसून दात चालवतोय. पेटीत शिकारी कोण आणि शिकार कोण हे ठरवायला भाऊंना चष्मा पुसावा लागला.

खरं तर हे नवल नाही. जिवंत उंदीर सापापाशी सोडून निघून गेलं की असं होतं. रानात उंदराला पळायला जागा असते, पेटीत ती नसते, आणि कोंडलेला उंदीर चावतो. बाळूच्या जखमेला पनवेलच्या डॉक्टरांनी औषध लावून दिलं. उंदराचं काय करायचं हा प्रश्न उरला. भाऊ म्हणाले, बाळूची जखम भरली की याच उंदराला परत आत सोडू.

वहिनी म्हणाल्या, "आज संकष्टी आहे."

"मग उद्या."

"संकष्टीला गणपतीच्या उंदराला जीवदान दिलं आणि उद्या साप सोडणार त्याच्यावर? पुढच्या संकष्टीला कुठल्या तोंडाने मोदक करू?"

उंदीर वाचला. त्याला जुना पोपटाचा पिंजरा मिळाला, स्वयंपाकघरात खिडकीची जागा मिळाली, आणि ज्वारीच्या भाकरीचा पापुद्रा रोजचा ठरला. एका पेटीत नागपंचमी आणि एका पिंजऱ्यात गणेशचतुर्थी, मधे एक भिंत, असं ते घर झालं.

त्या दिवसापासून भाऊंनी ठरवलं की जिवंत बंद. आता गोठवलेले उंदीर आणायचे आणि बाळूला त्यांची सवय लावायची. सगळं जग असंच करतं, हे त्यांनी वाचून काढलं होतं. विक्रेते उंदीर वायूने मारून गोठवतात. तसे उंदीर सापाला चावत नाहीत, महिन्याचा साठा एकदम करता येतो, आणि गोठवल्यामुळे काही परोपजीवीही मरतात. वाचलेलं त्यांनी वहिनींना सांगितलं. वहिनींनी एवढंच विचारलं, "साठा कुठे करणार?"

फ्रीजरचा तह व्हायला आठवडा गेला. डावीकडे खवलेलं ओलं खोबरं, मटार आणि हापूसचा रस, उजवीकडे उंदीर. मधे सीमा म्हणून बर्फाचा ट्रे. उंदीर आधी पिशवीत, पिशवी डब्यात, डब्यावर कुलूप. किल्ली भाऊंच्या जानव्याला.

याच सुमारास वाडीवरचा कातकरी दादा कामाला आला होता. भात कापून झालं की बांधावरची उंदरांची बिळं खणून आतलं साठवलेलं भात आणि उंदीर दोन्ही काढायचे, हे त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. थर्माकोलच्या पेटीत बर्फ घालून मुंबईहून उंदीर आले हे बघून तो हातातली कुदळ टेकून उभा राहिला. भाव विचारला. भाव ऐकून म्हणाला, "भाऊ, किलोवर काढला तर पापलेट परवडंल की." मग शेजारधर्म म्हणून त्याने आपल्याकडचे देऊ केले. भाऊंनी समजावलं की शेतातल्या उंदराला कोणी झिंक फॉस्फाईडचं आमिष घातलेलं असू शकतं, ते विष सापाच्या पोटात जाईल. शिवाय लेप्टो आहे. २००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोने माणसं गेली, ती उंदरांच्या मुतातूनच. दादाने सगळं ऐकून घेतलं.

"आमचा उंदीर भात खाऊन वाढतो," तो म्हणाला. "तुमचा कशावर?"

"गोळीखाद्यावर."

दादा त्या पेटीकडे बघत राहिला. त्याला उंदराची दया आली असावी.

आता प्रत्यक्ष विधी. आदल्या रात्री एक उंदीर फ्रीजरमधून काढून खालच्या कप्प्यात ठेवायचा. दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला पिशवीसकट कोमट पाण्यात बुडवायचा. मायक्रोवेव्ह वर्ज्य, कारण त्यात उंदीर बाहेरून शिजतो, आतून गार राहतो आणि कधी फुटतो. (हे वाक्य भाऊंनी वहिनींना वाचून दाखवलं. तेव्हापासून त्या मायक्रोवेव्हमध्ये पापडसुद्धा भाजत नाहीत.) बॉल पायथनच्या ओठांवर बारीक खळगे असतात, त्यांनी त्याला उष्णता जाणवते. म्हणून उंदीर जिवंताइतका ऊबदार हवा, साधारण ३७-३८ अंश, आणि डोकं जरा जास्तच. तापमान मोजायला करोनाच्या काळात घेतलेली बंदूक होतीच. भाऊ बादलीतून उंदीर काढायचे, सुनेच्या राहिलेल्या हेअर ड्रायरने वाळवायचे आणि कपाळावर बंदूक धरायचे. "सदतीस पॉइंट दोन!" असं ते मोठ्याने म्हणायचे. रस्त्याने जाणाऱ्याला वाटायचं घरात कोणी तापलंय, आणि दोघातिघांनी वहिनींना डॉक्टरांचा नंबरही दिला.

त्यानंतर नाच. मेलेला उंदीर हलला नाही तर सापाला तो दगड वाटतो, म्हणून तो लांब चिमट्यात धरून जिवंत असल्यासारखा हलवायचा. वहिनींचा फुलके भाजायचा चिमटा याच काळात गेला. भाऊंनी ओसरीवर रंगीत तालीम सुरू केली. आधी उंदीर चालतो, थांबतो, हुंगतो, मग घाबरून वळतो. भाऊंना अभिनयाचं अंग आहे हे कारखान्यातही कोणाला कळलं नव्हतं. पोस्टमनने एकदा फाटकातूनच बघितलं आणि रजिस्टर पत्र शेजारी दिलं.

बाळूने बघितलं, जीभ काढली आणि मान वळवली.

पुढच्या खेपेला भाऊंनी वासाचा उपाय केला. जिवंत उंदराच्या पिंजऱ्यातला भुसा आणून मेलेल्या उंदराला चोळायचा, म्हणजे वास ताजा येतो. हा उपाय खरोखर करतात. पण वहिनींचा उंदीर तोवर घरचा झाला होता. "त्याच्या गादीवर मढं घासता?" म्हणून त्या दोन दिवस बोलल्या नाहीत. बाळूही खाईना. मग अंधाऱ्या खोक्याचा प्रयोग झाला, उंदराचं डोकं जरा फोडून आतला वास बाहेर काढायचाही झाला (त्या संध्याकाळी भाऊ स्वतः जेवले नाहीत). वहीतले रकाने भरत गेले. तारीख, वजन, खोलीचं तापमान, उंदराचं तापमान, नाचाची मिनिटं, शेरा. शेऱ्यात सगळीकडे 'नकार'.

खरं तर काळजीचं कारण नव्हतं. निरोगी मोठा बॉल पायथन महिनोन्‌महिने न खाता राहतो आणि वजनही फार उतरत नाही. पण हे बायकांना सांगणार कोण? आषाढी एकादशीच्या आसपास बाळूने तोंड बंद केलं होतं, श्रावण लागला तरी उघडलं नव्हतं. नागपंचमीला आळीतल्या बायका लाह्या, दूध आणि हळदकुंकू घेऊन आल्या, आणि त्यांना कळलं की हा आषाढीपासून उपाशी आहे. चातुर्मास पाळणारा साप! भाऊ पेटीपुढे आडवे उभे राहिले. साप दूध पीत नाही, ते त्याच्या जिभेचं काम नाही, तहानेने व्याकूळ केलेला साप काहीही पितो आणि मग मरतो, हे त्यांनी शास्त्रोक्त सांगितलं. बायकांनी ऐकलं, पेटीच्या काचेला हळदकुंकू लावलं, लाह्या उंबऱ्यावर ठेवल्या आणि दूध वहिनींना दिलं. त्या दिवशी भाऊंनी दोनदा चहा घेतला.

जर्मनीहून मुलगा व्हिडिओवर विचारायचा, बाबा, त्याच्याकडे सारखं बघता का? भाऊ म्हणायचे, बघितल्याशिवाय नोंद कशी करणार? "बाबा, तो अंधारात उष्णता बघतो. चिमट्यातल्या उंदरापेक्षा तुमचा चेहरा मोठा आणि गरम आहे. त्याला उंदराच्या वर एक भला मोठा प्राणी दिसतो. तुम्ही ठेवा आणि जा." भाऊंना हे तत्त्वतः मान्य होतं. पण ठेवून जाणं म्हणजे तपासणी न करता माल सोडणं. ते कपाळाला बॅटरी बांधून बसायचे.

मुलाने गंमत म्हणून आणखी एक बातमी सांगितली. अमेरिकेत सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयातल्या एका बॉल पायथन मादीने २०२० साली अंडी घातली, तेव्हा तिचं वय साठीच्या पुढे होतं आणि नर तिच्याजवळ कित्येक वर्षांत फिरकला नव्हता. वहिनींना अंड्यांचं नवल वाटलं नाही, वयाचं वाटलं. त्यांनी बोटांवर हिशेब केला. "म्हणजे हा आपल्या दोघांच्या वर्षश्राद्धाला असणार," त्या म्हणाल्या. भाऊंनी त्याच रात्री मृत्युपत्राच्या मसुद्यात बाळूचं कलम घातलं.

गणपती आले, गेले. पितृपक्ष लागला. भाऊंच्या वडिलांचं श्राद्ध झालं, त्या संध्याकाळी बाळूच्या जेवणाची तारीख होती. वहिनींचं म्हणणं होतं की आज नको, भाऊंचं म्हणणं होतं की वही. उंदीर पेटीत ठेवला गेला. दोघं लांब उभी राहिली, सकाळी पिंडाला कावळा शिवायची वाट बघत उभी होती तशीच. बाळू हलेना. कावळा शिवला नाही की घरचं माणूस पुढे होऊन काहीतरी कबूल करतं. वहिनी पुढे झाल्या आणि हात जोडून म्हणाल्या, "बाळू, तुझ्या मनात काय आहे ते मला कळलं. दिवाळीला त्याला बोलावते. आता खा बाबा."

त्याच वेळी वीज गेली.

खोपोलीच्या घाटात पाणी पाडून टाटांनी १९१५ साली मुंबईला वीज दिली, आणि ती वीज आमच्या डोक्यावरून गेली. आमच्याकडे परतीच्या पावसात झाडाची फांदी तारेवर पडायचा अवकाश की रात्र तशीच जाते. अंधार झाल्याबरोबर भाऊंना आठवला फ्रीजर. आतले उंदीर वितळले की परत गोठवता येत नाहीत, महिन्याचा माल जाणार! ते बॅटरी घेऊन बर्फ मिळवायला बाहेर पडले. वहिनी देवाजवळ समई लावून बसल्या. बाळूपाशी कोणी नव्हतं.

उजाडता वीज आली तेव्हा पेटीत उंदीर नव्हता.

दुसरा कोणी असता तर त्याने पेढे वाटले असते. भाऊंनी शोधाशोध सुरू केली. खाताना कोणी बघितलं नव्हतं, म्हणजे पुरावा नाही. पेटीचं झाकण नीट होतं का? बोका आला होता का? वजन करून बघावं तर तेही अशक्य, कारण खाल्ल्यावर सापाला ४८ तास हात लावायचा नसतो, नाहीतर तो खाल्लेलं ओकून टाकतो. म्हणजे खाल्लं असेल तर वजन करता येत नाही, आणि वजन केल्याशिवाय खाल्लं म्हणता येत नाही. भाऊ दोन दिवस मेलेला उंदीर शोधत सोफ्याखाली, कपाटामागे, माळ्यावर फिरत होते. शेवटी वहिनी वैतागल्या.

"अहो, मेलेला उंदीर घरात असता तर एव्हाना वास आला नसता?"

भाऊंनी वही उघडून लिहिलं: 'वास: नाही. निष्कर्ष: खाल्ला असावा.' 'असावा' नंतर खोडून 'खाल्ला' राहिलं, तेही बाळूने पोट साफ केल्यावर. त्यात उंदराचे केस होते. भाऊ तो ऐवज लोणच्याच्या बरणीत घालून आमच्याकडे दाखवायला आले. आम्ही पोहे खात होतो.

आता वाद उरला होता कारणाचा. भाऊंच्या मते अंधार आणि एकांत. वहिनींच्या मते कबुली. त्यांनी तर मुलाला रातोरात फोन करून दिवाळीला ये म्हणून बजावलंही होतं. आईची तब्येत बिघडली समजून पोराने तिकीट काढलं. भाऊ म्हणाले, दोन कारणं एकत्र आली की निष्कर्ष काढता येत नाही, दोन्ही वेगळी करून बघायला हवीत. एकदा अंधार आणि नवस नाही, एकदा नवस आणि अंधार नाही. वहिनींनी दुसऱ्या प्रयोगाला साफ नकार दिला. साप झाला म्हणून त्याच्याशी खोटं बोलायचं?

पहिल्या प्रयोगाला वार ठरवायला एक संध्याकाळ गेली. सोमवार शंकराचा, आणि त्याच्या गळ्यातच साप. मंगळवार गणपतीचा, त्या दिवशी उंदीर कसा चालेल? गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. एकादशी, चतुर्थी वगळून उरले बुधवार, शुक्रवार, रविवार, म्हणजे रायगडातल्या कुठल्याही घरात मासळी येते ते वार. शुक्रवारी वहिनींची हळदकुंकवं असतात, रविवारी पाहुणे. बुधवार पक्का झाला.

बुधवारी तिन्हीसांजेला भाऊंनी घराचा मेन स्विच पाडला. वहिनींची मालिका ऐन लग्नात थांबली. वीज गेली म्हणून शेजारच्यांनी महावितरणला फोन केला, तिकडून उत्तर आलं की तुमच्याकडे सगळं सुरू आहे. भाऊंनी उंदीर ठेवला, वहिनींना तोंडावर बोट ठेवायला लावलं, आणि दोघं ओसरीवर येऊन डास मारत बसली. तासाभराने आत जाऊन बघतात तर पेटी रिकामी, आणि बाळूच्या मानेखाली एक ठसठशीत उंचवटा.

"बघ!" भाऊ जवळजवळ ओरडले. "नवसाविना!"

वहिनींनी मेन स्विच वर केला आणि टीव्ही लावला. लग्न लागून गेलं होतं.

"नवस मनातल्या मनात पण बोलता येतो," त्या म्हणाल्या.

भाऊ बराच वेळ उभे होते. मग त्यांनी वही घेतली, पट्टी घेतली आणि शेऱ्याच्या अलीकडे एक नवा रकाना आखला: 'नवस (मनातला)'. त्याखाली तीन पर्याय लिहिले: होता, नव्हता, सांगत नाही. वही त्यांनी वहिनींपुढे धरली. वहिनींनी टीव्हीवरची नजर न काढता तिसऱ्यावर खूण केली.